बोटभर फट

कट्ट झालं. मोठा आवाज न्हाय. भात खाताना दाताखाली खडा यावा तसा, बारीक, आतल्या आत. मी दचकले म्हणून मांडीवरची आरू दचकली, आन् गाडीखाली पाना धरून उताणं पडल्यालं माझं धाकलं दीर तसंच थांबलं. त्यांचं पाय तेवढं मला दिसत व्हतं, चपलंसकट. त्ये पाय हलंनात.

"भावजी, नगा म्हणलं व्हतं मी."

"काय न्हाय वैनी. आली फट मिटत." पर त्यांचा आवाज बारीक झालता.

मिस्त्री मागच्या खोलीत जेवाय गेलं व्हतं. ताटाचा आवाज यीत व्हता, त्यो थांबला. म्हंजी त्यांनी बी ऐकलं. मी लेकराला छातीशी आवळलं, वाटलं उठावं आन् रस्त्याला लागावं, इंदापूरची येऊ दे न्हायतर बारामतीची, येईल त्या यष्टीत बसावं. पर मी उठले न्हाय. मला तितं बसायलाच ठेवलं व्हतं. बसायचं आन् बघायचं, तेवढंच माझं काम.

ते आदी सांगते, न्हायतर तुमास्नी कळायचं न्हाय. आमच्याकडं ट्रॅक्टर म्हणा, गाडी म्हणा, एकदा खोलली की घरचं एक माणूस ग्यारेजात बसवत्यात. दिवसभर. मिस्त्रीनं आतला चांगला माल काढून जुना घालू नये म्हणून. तोंडावर तसं कोण म्हणत न्हाय. म्हणायचं, "आमचं माणूस हाय हितं, काय लागलं सवरलं तर सांगा." मिस्त्रीला बी ठाव असतंय, बसणाराला बी ठाव असतंय. कुणी राग मानत न्हाय.

आमच्यातनं मी बसले. कारण ह्यांचा, माझ्या मालकांचा, डावा पाय न्हाय. उसाच्या ट्रॉलीखाली गेला, गुडघ्याच्या वरनं. भावजींनीच ह्यास्नी चाकाखालनं ओढून काढलं, पाठीवर टाकून रस्त्यापतूर आणलं. दवाखान्यातनं घरी आलं तवा हे भितीकडं तोंड करून पडून राह्यचं. आरूनं पाठीवर चढून केसं वढली तरी वळायचं न्हाईत. मंग कुणीतरी सांगितलं, क्लच नसल्याली गाडी असती, गेर आपलं आपण पडत्यात, एका पायावर चालती. जुनीपानी बघून घेतली. पैल्या दिवशी हे काटेवाडीतनं बारामतीला एकटं जाऊन आलं आन् जेवताना हसलं. कशाला हसलं ते सांगितलं न्हाय, पर हसलं. मंग दवाखान्याला माणसं न्यायचं, म्हाताऱ्यास्नी बँकेत न्यायचं, लोकं फोन करून बोलवायला लागली. आन् ती गाडी एक दिवस सपाट रस्त्यावर थांबली. इंजन चालू, गाडी जागची हलंना. गेरबॉक्स गेला. त्या दिसापास्नं हे परत भितीकडं तोंड करून. मला त्या पाठीची भीती वाटायची. अजून वाटती.

ग्यारेज पिंपळीच्या पुढं, रस्त्याला लागूनच, पत्र्याचं. बाकीची मिस्त्री लोकं गाडी बघून म्हणायची, पुण्याला न्या, हे आपल्या हातचं न्हाय. ह्या मिस्त्रीनं बघितलं बी न्हाय, म्हणला, "ठेव." माझा पैला संशय तितंच. बाकीची सगळी जमत न्हाय म्हणून सांगत्यात, आन् ह्यो गडी न बघताच ठेव म्हणतोय, ते कशाच्या जिवावर.

माणूस कसा, तर मान बारीक, हात थोराड, आन् दोन्ही कानांत कापूस. कापूस सगळीच घालत्यात ग्यारेजात, ठोकाठोकीपायी. ह्याचं उलटं. लोखंडाला हात लावला की कापूस काढायचा आन् माणूस बोलायला आलं की घालायचा. मी पैल्यांदा बघितलं तवा वाटलं कान दुखत असंल. बावड्याचं एक तात्या व्हतं, त्यांच्या ट्रॅक्टरवर राखणीला बसल्यालं, ते म्हणलं, "दुखत न्हाय, माजलाय."

राखणीला बसणाऱ्यांसाठी त्यानं एक जागा केली व्हती. यष्टीचं जुनं सीट, रेक्झिन फाटल्यालं, भितीला टेकून. त्याच्यापुढं जमिनीवर चुन्याची रेघ. रेघंच्या अलीकडं आपण, पलीकडं त्यो. रोज सकाळी रेघ नव्यानं मारायचा, रांगोळी काढावी तशी, वाकून, हळूहळू. आरूला रेघंचं लई येड. तिनं एकदा पायानं पुसली तर चुन्याचं डबडं घेऊन आला आन् तेवढीच जागा परत मारली. तिच्या पायाला लागल्याला चुना बी त्यानंच फडक्यानं पुसला. मंग मला म्हणला, "तुला कुणी पाठवलं?"

म्हणलं, घरच्यांनी.

"घरच्यांत कुणी?"

हे त्याचं कायमचं. चहावाला रोज यायचा, त्याला रोज इचारायचा, तुला कुणी पाठवलं. चहावाला बी रोज सांगायचा, "बायकूनं पाठवलं, म्हणली मिस्त्रीला तेवढी साखर घाला, वाईच गोड झाला तर झाला." सगळी हसायची. त्यो हसायचा न्हाय, चहाचा वास घ्यायचा, मंग प्यायचा.

आन् उभ्या माणसाशी बोलायचा न्हाय. कुणी बी असू द्या. एकदा पांढऱ्या कापडातला एक बागायतदार आला, डाळिंबाची मोठी बाग म्हणं, रेघंवर उभा राहून इचारतोय, "माझ्या गाडीचं काय केलं?" ह्यो आपला बेरिंगं पुसतोय. त्यानं परत इचारलं. ह्यो पुसतोय. शेवटाला तात्यांनी त्याला शिटावर जागा दिली, "बसा राव, बसल्याबिगर घंटी वाजत न्हाय हितं." बागायतदार बसला, फाटक्या रेक्झिनवर, पांढऱ्या कापडात. मंग मिस्त्री म्हणला, "उभं राह्यल्यालं माणूस निघायच्या नादात असतंय. त्याला काय सांगायचं."

तात्यांचं माझ्याशी बरं पटायचं. आरूला भडंग द्यायचं. पर कानात इख बी त्येच ओतायचं. "पोरी, डोळा ठेव. ह्यो रातचा उघडतो का कळत न्हाय. एका गाडीतला माल दुसरीत, दुसरीतला तिसरीत, आन् पैलीवाला बोंबलत बसतोय." म्हणलं, तात्या, तुमी बघितलं का? "बघायला काय त्यो दाखवून करतोय?" मला रात्री झोप लागायची न्हाय ते ऐकून.

आन् त्याचं वागणं बी तसंच. आमचा गेरबॉक्स खोलून फळीवर मांडला तवा वरनं वाकळ टाकली. म्हणलं, मिस्त्री, झाकता कशाला? तर म्हणला, "पोट फाडल्यावर दवाखान्यात झाकत न्हाईत व्हय?" बरुबर हाय वाटलं तवा. घरी जाताना वाटलं, झाकल्यावर मी बघायचं काय?

गेरबॉक्समधलं तेल लाल असतंय, सरबतावानी. आमचं काळं निघालं. त्यानं बोट बुडवलं, वास घेतला आन् तसंच बोट माझ्यापुढं धरलं. करपट वास. मला इचारलं, "घरात भाजी करपली तर काय करतीस?"

म्हणलं, वरची वरची काढून घेते.

"आन् नवऱ्याला वाढतीस. ह्या गाडीच्या आदीच्या मालकानं बी तसंच केलंय." आन् हसला. त्याला हसताना मी तेवढंच बघितलं.

मंग मी एक केलं. मी आठवीपतूर शिकल्याली, मला त्यातलं काय नाव ठाव न्हाय, पर खूण कळती. आमच्यात शेरडं चरायला सोडताना खूण करत्यात तशी. त्यो मागं गेला की मी माझ्या पर्समधली नेलपेंटची बाटली काढली, गुलाबी, आन् रेघ ओलांडून दोन मोठ्या वस्तूंवर ठिपकं दिलं. एक गेरबॉक्सच्या अंगावर. दुसरा त्या डब्यावर. डबा म्हंजी ज्याला त्ये कन्वर्टर म्हणायचं, दोन पातेली तोंडाला तोंड लावून जोडावी तसा गोल, जड, इंजनाचं फिरणं तेलातनं गेरबॉक्सला देतोय म्हणं. तात्यांनी बघितलं, मान डोलवली, "हुशार हाईस."

दुसऱ्या दिवशी बघते तर गेरबॉक्सवर ठिपका हाय, डब्यावर न्हाय.

मी रेघंपतूर गेले. म्हणलं, मिस्त्री, ह्यो डबा आमचाच न्हवं? त्यानं कापूस घातला. मी परत म्हणलं. त्यो म्हणला, "गुलाबी रंग तुझा व्हता व्हय. थिनरनं धुतला. जोडणीच्या तोंडावर रंग चालत न्हाय, डबा वाकडा बसतोय." आन् फिरला. आता ह्याच्यावर काय म्हणायचं? खरं असंल बी. थिनरनं नेलपेंट निघतंयच. पर डबा मला काल जरा मळका वाटला व्हता, आज लखलखीत. धुतल्यावर लखलखीत व्हणारच. का दुसराच?

मी घरी जाऊन सांगितलं. सांगाय नगं व्हतं का, ते मला म्हाईत न्हाय, बसवलंच त्यासाठी व्हतं. ह्यांची पाठ तेवढी हलली. भावजी उठून उभं राह्यलं. "उद्या मी येतो. बघतो कसा फशिवतो."

त्यो उद्या म्हंजीच ह्यो दिवस. तात्यांचा ट्रॅक्टर आदल्या दिवशी झाला, त्ये बावड्याला गेलं. शिटावर मी आन् आरू. भावजी उभं. मिस्त्रींनी त्यांच्याकडं बघितलं, त्ये बसंनात, झालं, तितनं पुढं भावजी त्यांच्या लेखी न्हवतंच.

गेरबॉक्सच्या नाकावर, म्हंजी पुढं आल्याल्या दांड्यावर, डबा बसवायचं काम व्हतं. मिस्त्रींनी कापूस काढला, पंखा बंद केला, मला म्हणलं, "बांगड्या काढ."

भावजी रेघंवर आलं. "काय म्हणला? माझा भाऊ अजून जित्ता हाय. कुणाच्या बायकूला काय सांगतो?"

मिस्त्री माझ्याकडंच बघून म्हणलं, "काढू नगं मंग. वर सारून बांध. डबा आत जाताना तीनदा आवाज देतोय, टप्प्याटप्प्यानं. त्यो मला ऐकाय पायजे. तुझ्या बांगड्या न्हाय."

मी बांगड्या कोपरापतूर सारल्या, आरूच्या टोपड्याची नाडी काढून बांधल्या. मिस्त्री गुडघ्यावर बसलं, डोळं मिटलं, आन् डबा जात्यावानी हळूहळू फिरवत आत दाबाय लागलं. टक झालं. डबा आत गेला. परत फिरवला. परत टक, जरा खोल. परत फिरवत राह्यलं, लई येळ. मंग त्यांनी डोळं उघडलं, म्हणलं, "गेला." शेवटचा टक मी ऐकला का? आरू कुरकुरत व्हती टोपड्यापायी. मला न्हाय सांगता यायचं.

मंग गेरबॉक्स जॅकवर घेतला, गाडीखाली सरकवला, वर चढवला. मदतीला कुणाला घ्यायचं न्हाय, त्यांचा नेम. जॅक एकदा कलला. त्यांनी सावरला. इंजनाला दोन खुट्ट्या असत्यात, गेरबॉक्सला दोन भोकं, त्ये मिळालं की तोंडाला तोंड लागलं म्हणायचं. मिळालं, पर तोंड लागंना. बोटभर फट राह्यली.

भावजी वाकून बघत व्हतं. "एवढीच हाय की. बोल्ट घाला, आवळा, येतंय वढून. नांगराचा फाळ काय हातानं बसतोय?"

मिस्त्री बाहीर आलं, माझ्यापुढं उकिडवं बसलं, मला सांगितलं. "जॅक कलला तवा डबा पुढं सरकला. परत उतरवायचा. बोल्टानं वढायचा न्हाय. हातानं मिळाला तर मिळाला, वढला की आतला तेलाचा पंप फुटतोय. मी जेवतो, मंग उतरवतो. कुणी हात लावला तर हाक मार."

आन् कानात कापूस घालून गेलं. हाक मार म्हणलं आन् कापूस घालून गेलं.

भावजींनी ऐकलं. चार हातांवर उभं व्हतं, ऐकलंच. पर ज्यानं सकाळधरनं आपल्याला माणसात धरलं न्हाय, त्याचं ऐकायला कुणाला वाटतंय? "बघितलंस वैनी? मुद्दाम लांबवतोय. उतरवायचा, चढवायचा, उतरवायचा. आज दादाला बोलवलंय मी. दादा येतोय गाडी न्यायला. मी काय त्याला बोटभर फट दाखवू?" आन् पाना घेऊन खाली शिरलं. मी म्हणलं, नगा. परत म्हणलं. हाक मारायला तोंड बी उघडलं, पर दिराचं गाऱ्हाणं परक्या माणसाला वराडून कसं सांगायचं, तेच मला कळंना. तेवढ्यात झालं ते.

मिस्त्री आलं, हात वलं, तोंडात घास, कानात कापूस न्हवता. खाली वाकलं, एका भोकातनं बोट घालून डबा फिरवाय बघितला. फिरंना. बोल्ट बघितलं. भावजीकडं बघितलं न्हाय. परत जाऊन हात धुवून आलं आन् बोल्ट ढिलं कराय लागलं.

आन् तवाच रिक्षा आली. हे उतरलं, कुबडीवर. दाढी केल्याली. इस्त्रीचा शर्ट. कवाधरनं बघितला न्हवता मी त्यो शर्ट अंगावर. हे शिटावर माझ्या शेजारी बसलं, आरूला मांडीवर घेतलं, म्हणलं, "झाली का गं?"

मिस्त्रींनी गेरबॉक्स खाली घेतला, डबा उपसला. लाल तेल भळाभळा आलं, आन् तेलात एक तुकडा, कपाच्या कानाएवढा. त्यो त्यांनी उचलून ह्यांच्यापुढं रेघंवर ठेवला.

"पंप गेला."

"कसा?" हे म्हणलं.

"आदीच फुटका व्हता," भावजी म्हणलं. "माल बदललाय दादा ह्यानं. वैनीनं खूण केली व्हती, ती पुसली. इचार वैनीला. काल फुटका घातला आन् आज आमच्या माथी मारतोय."

हे मिस्त्रींकडं बघाय लागलं. मिस्त्री म्हणलं, "मी जेवत व्हतो. हितं माणूस बसवलंय तुमी. त्याला इचारा."

ह्यांनी माझ्याकडं तोंड केलं. भितीकडं न्हाय, माझ्याकडं. "तू बसली व्हतीस. कुणी आवळला?"

पुढं भावजी उभं, हातात पाना. त्या हातांनी ह्यास्नी चाकाखालनं काढलं व्हतं. रोज न्हाणीच्या पायरीवरनं उचलून आत त्येच न्यायचं. त्यांचं नाव घेतलं तर घर फाटतंय. न्हाय घेतलं तर मिस्त्री गाडीला परत हात लावत न्हाय, आन् ह्यो दाढी केल्याला माणूस परत पाठ करतोय, आन् कदाचित मंग कवाच वळत न्हाय. खोटं बोलायचं मला जमत न्हाय असं न्हाय. जमतंय. पर कुठलं खोटं, तेच ठरंना.

मी म्हणलं, "भावजींनी आवळला. मिस्त्रींनी नगं म्हणून सांगितलं व्हतं."

भावजी माझ्याकडं बघत राह्यलं. मंग पाना खाली ठेवला, आदळला न्हाय, ठेवला. आपली फटफटी तितंच सोडून काटेवाडीच्या रस्त्यानं चालाय लागलं. ह्यांनी हाक मारली, "आरं थांब," अर्धं उठलं बी, पर कुबडी शिटामागं पडल्याली.

मिस्त्रींनी कुठनं तरी दुसरा पंप आणला. त्या टायमाला फट हातानं मिटली, जेवणाच्या डब्याचं झाकण लागावं तशी, बोल्ट नंतर घातलं. मला बोलवून भोकातनं बोट घालाय लावलं. डबा सुळकन फिरला. गाडी चालती. हे रोज जात्यात, इंदापूरपतूर बी जात्यात.

भावजींनी चूल येगळी केली. मला आता वैनी म्हणत न्हाईत, कायच म्हणत न्हाईत. न्हाणीच्या पायरीवरनं ह्यास्नी मी नेते, दोघं बी पडतो की काय असं रोज वाटतंय. सासूबाई म्हणत्यात, परक्यापायी घरचं माणूस तोडलं. ऐकून घेते.

पर मागं बावड्याच्या बाजारात तात्या भेटलं. सगळं ऐकलं, भडंगाची पुडी बांधता बांधता म्हणलं, "येडी पोरगी. पंप आदीच गेल्याला असंल त्याच्या हातनं. मुद्दाम फट ठेवली, मुद्दाम जेवाय गेला. तुझ्या दिरानं हात लावावा म्हणूनच." मी म्हणलं, तात्या, तुमी तर न्हवता तितं. "मी नसू दे, तू व्हतीस ना? मंग सांग, त्यो डबा तुमचाच व्हता का?"

मी पुडी घेतली आन् तितनं निघाले. मी जे बघितलं ते सांगितलं, शब्दानं खोटं न्हाय. पर वाकळंखाली काय झालं ते मी बघितलं न्हाय, शेवटचा टक मी ऐकला न्हाय, आन् मी बोलले ते सगळ्याचा निकाल लागल्यावानी बोलले. मिस्त्री खरा असंल तर माझं बरुबर. त्यो तात्या म्हणत्यात तसा असंल तर मी घरातल्या खऱ्या माणसाला बाहीर काढलं, आन् ज्यानं फशिवलं त्याची साक्ष दिली. आन् ह्यातलं कुठलं, ते मला कोण कवा सांगणार न्हाय.

तुमीच सांगा आता. तुमी त्या शिटावर आसता, शेजारी इस्त्रीचा शर्ट घालून आल्याला नवरा, त्याच्या मांडीवर लेकरू, पुढं त्याला जित्ता ठेवणारा भाऊ, आन् सगळी तुमच्या तोंडाकडं बघतायत. तुमी कुणाचं नाव घेतलं असतं?